जहाजांचे शिल्पकार जमशेटजी वाडिया

नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे पाहिले असता पाण्यापलीकडे मुंबई शहर दिसते. त्या शहराच्या गोदीत सुमारे दोनशे वर्षांपूर्वी साता समुद्रांवर संचार करणारी भव्य जहाजे बांधली जात असत. ती बांधणाऱ्या कारागिरांचे प्रमुख होते जमशेटजी बमनजी वाडिया.

जमशेटजींचा जन्म १७५४ साली एका पारशी घराण्यात झाला. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी हे सुरतेचे निष्णात जहाज-कारागीर. ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून ते १७३६ साली काही सुतारांसह मुंबईस आले आणि तेथील गोदी त्यांनी नावारूपास आणली. अशा थोर पुरुषाचा नातू असूनही जमशेटजींना कोणतीही सवलत मिळाली नाही. महिना १२ रुपये वेतनावर साध्या सुताराप्रमाणे त्यांनी करवत व वाकस हाती धरले. लाकूड पारखण्यापासून फळ्या सांधण्यापर्यंत सर्व कामे त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. १७९२ साली चुलत बंधू फ्रामजी यांच्यासह ते गोदीचे मुख्य कारागीर झाले.

त्या काळी युरोपात युद्धाचा वणवा पेटला होता. ब्रिटनमध्ये जहाजांसाठी ओक वृक्षाचे लाकूड पुरेसे मिळेना. मलबारचा साग मात्र ओकपेक्षाही टिकाऊ होता. सागातील तेलामुळे तो लवकर कुजत नाही व त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही सहसा गंजत नाहीत. साहजिकच ब्रिटिश आरमाराची दृष्टी मुंबईकडे वळली. परंतु एवढी अवाढव्य युद्धनौका हिंदी कारागिरांना साधेल काय, अशी शंका अनेकांस वाटे. जमशेटजींनी तिचे उत्तर कृतीने दिले. १९ जून १८१० रोजी ७४ तोफांची ‘मिंडेन’ ही युद्धनौका मुंबईच्या पाण्यात दिमाखाने उतरली.

पुढे ‘ट्रिंकोमाली’ या जहाजाचे काम आले. पण आरंभीच विघ्न ओढवले. तिचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ जहाज १८१२ साली अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले. नवे आराखडे येईपर्यंत थांबावे लागले. अखेर १८१६ साली पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून जमशेटजींनी कामास प्रारंभ केला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले.

१८२१ साली जमशेटजी निवर्तले. वाफेची व पोलादाची जहाजे आली आणि शिडांचे युग मावळले. ‘मिंडेन’ही मोडीत निघाली. ‘ट्रिंकोमाली’वर मात्र पुढे कित्येक वर्षे मुलांना नौकानयनाचे शिक्षण दिले गेले. इंग्लंडमधील हार्टलपूल गावी ती आजही पाण्यावर तरंगत उभी आहे. ती परक्या सत्तेच्या आरमारासाठी बांधली गेली हे खरे. परंतु तिचा साग या भूमीचा आणि तिला घडविणारे हातही याच भूमीचे होते.