नामदार गोखले : एका भाषणामागची मेहनत

(द्वितीय वर्ष कला)

वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे, ज्याचे वडील सभासंमेलनांतून बोलतात, त्याच्या जिभेवर सरस्वती. बाकीच्यांनी समोर बसून टाळ्या वाजवाव्यात! माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे असेल, पण हा समज मला कधी रुचला नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राची ओळख झाल्यावर तर तो निखालस खोटा वाटू लागला.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यातला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली आणि १५ रुपये पगारातून ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी धाडू लागले. त्या आठ रुपयांवर गोपाळरावांनी कोल्हापुरात दिवस काढले आणि पुढे १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. ज्या इंग्रजीसाठी पुढे त्यांची ख्याती झाली ती काही त्यांना घरातून मिळालेली नव्हती. इंग्रज ग्रंथकारांची पानेच्या पाने तोंडपाठ करून त्यांनी ती कमावली होती. पाठांतर म्हटले की आपण नाक मुरडतो. गोखल्यांनी मात्र त्यातूनच वाक्याची चाल ओळखली.

पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल व नंतर फर्ग्युसन कॉलेजात ते इंग्रजी शिकवीत, तसेच गणितही शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कितीतरी वर्षे शाळांतून चालले. आपल्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ होता, हे तिथला शिलालेख सांगतो. आकड्यांशी अशी जुनी सोयरीक असलेल्या मुलखातून मी लिहिते आहे, म्हणून की काय, गोखल्यांच्या भाषणांत मला सर्वांत जास्त भावतो तो त्यांतला गणिताचा शिक्षक.

या शिक्षकाला वक्ता बनवले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. गोखले १८८७ च्या सुमारास त्यांच्या सहवासात आले. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक गोखल्यांकडे आले, आणि खरी शाळा तिथे सुरू झाली. सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ वाचायचे, त्यांतून टिपणे काढायची, मसुदा लिहून रानड्यांपुढे ठेवायचा. रानडे तो तपासणार, खोडणार, पुन्हा लिहायला लावणार. शाबासकीच्या बाबतीत त्यांचा हात आखडता होता. अशी उमेदवारी थोडीथोडकी नव्हे, तर रानडे १९०१ मध्ये निवर्तले तोवर चालली. आजच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री कुणाकडून तरी भाषण लिहून घेणाऱ्या आपल्या मंडळींनी या वर्षांची बेरीज करून पाहावी.

इतकी शिस्त अंगी बाणूनही एकदा घात झालाच. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेला गेले. ती साक्ष उत्तम झाली; उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या सोजिरांच्या वर्तनाबद्दल त्यांना पुण्याहून पत्रे येत होती. विश्वासातल्या माणसांची पत्रे म्हणून गोखल्यांनी त्यांतले अत्यंत गंभीर आरोप विलायतेतील वृत्तपत्राला सांगितले. सरकारने पुरावा मागितला. मायदेशी परतल्यावर एकही पुरावा त्यांच्या हाती लागेना आणि माहिती देणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीवरून इकडच्या लोकांनी त्यांना किती बोल लावले! प्लेगच्या काळात पुण्यातल्या लोकांनी सोसलेला जाच खोटा नव्हता, हे तर सगळेच जाणून होते. मला वाटते, गोखल्यांना सर्वांत बोचले असेल ते हेच. लोकांचे दुःख खरे होते, तरी ते मांडणारे विधान सिद्ध करता येईना, आणि फायदा झाला तो सरकारचा. यानंतर आपल्याच प्लेगग्रस्त पुण्यात ते स्वयंसेवक म्हणून राबले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय ३५ होते. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. १८९९–१९०० च्या दुष्काळाची झळ आपल्या खानदेशालाही लागली होती. आणि इकडे अर्थमंत्री एडवर्ड लॉ तिजोरीत शिल्लक पडल्याचे आनंदाने सांगत होते. सर्वांनी अभिनंदन करायचे असा प्रसंग. गोखल्यांनी अभिनंदन केले नाही. रुपयाचा भाव १३ पेन्सांच्या आसपास घसरला होता, तो चलनाच्या धोरणाने कृत्रिमरीत्या १६ पेन्सांवर नेला. त्यामुळे विलायतेला द्यावयाच्या रकमांचे ओझे हलके झाले, कर मात्र जुन्या तंगीच्या हिशेबानेच वसूल होत राहिले. तेव्हा ही शिल्लक भरभराटीची खूण नसून जरुरीपेक्षा जास्त कर उकळल्याची खूण आहे, असे त्यांनी सिद्ध केले. सगळे आकडे सरकारच्याच पुस्तकांतले! नाकारायचे म्हटले तर सरकारला आपलीच पुस्तके नाकारावी लागली असती.

हे आकडे जमवण्यात गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा हात होता. ते सरकारी शाळेत मुख्याध्यापक, म्हणून पडद्याआड राहिलेले. गोखले त्यांना पत्रे लिहून आकडे मागवीत, शंका विचारीत आणि श्रेयाचा वाटाही देत. उत्तम वक्ता एकटा उभा दिसतो खरा, पण त्याच्या मागे असा एखादा जोशी मास्तर असतो.

त्या भाषणात मिठाचा विषय होता. मणामागे अडीच रुपये कर; मिठाच्या मूळ किमतीपेक्षा तो कितीतरी पटींनी जास्त. माणसे वाढली तरी मिठाचा खप त्या मानाने वाढत नाही, म्हणजे गरीब माणूस मिठातही काटकसर करतो आहे, हे गोखल्यांनी कोरड्या आकड्यांनी दाखवले. भाकरी, ठेचा आणि चिमूटभर मीठ एवढ्यावर वेळ काढणाऱ्या घरांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९०३ मध्ये कर २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. गोखले दरवर्षी हा प्रश्न काढीत राहिले होते. त्यांचे हे इंग्रजी भाषण खानदेशातल्या एकाही शेतकऱ्याला कळले नसते. टिळकांचे शब्द गावोगाव पोचले, गोखल्यांचे नाही, ही त्यांच्या वक्तृत्वाची मर्यादा मी तरी झाकणार नाही. पण मीठ मात्र स्वस्त झाले.

सर्वच भाषणांना असे फळ आले नाही. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही स्थानिक संस्थांची तयारी असेल तिथेच, आणि दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकांना फी माफ. इतके सावध विधेयक. सुरुवातीची सक्ती केवळ मुलग्यांपुरती होती, हे वाचून मी थबकले. मुलींचा विचार पुढे करायचा होता. तो पुढे म्हणजे किती पुढे गेला, हे माझ्या अंगठा उठवणाऱ्या आजीला विचारावे. तरीही बडोदे संस्थानातील अनुभव, पैशाची तरतूद, आलेल्या एकेका आक्षेपाला उत्तर, अशी सारी तयारी करून मार्च १९१२ मध्ये गोखले उभे राहिले. विधेयक पडणार हे त्यांना ठाऊक होते. १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडले. हरणार हे माहीत असूनही त्यांनी एका आकड्यात ढिलाई केली नाही. मुंबई इलाख्यात पालिकांना अशी सक्ती करू देणारा कायदा विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये झाला, पण तो पाहायला गोखले नव्हते.

मधुमेहाने शरीर पोखरले असतानाही काम थांबले नव्हते. फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी हिंदुस्थानच्या राज्यसुधारणांचा एक मसुदा पेन्सिलीने लिहिला. फेरोजशहा मेहता व आगाखान यांच्याशी त्यावर त्यांना बोलायचे होते, पण १९ फेब्रुवारीला ते वारले. आगाखानांनी तो कच्चा मसुदा १९१७ मध्ये प्रसिद्ध केला.