बार्ना नावाची बॅट

आमच्या हॉस्टेलच्या टीटी रूममध्ये एक लोखंडी कपाट आहे. नेटचे दोन तुटके स्टँड, चेपलेले बॉल, कॅरमचा एक स्ट्रायकर आणि कुणाची तरी हरवलेली ड्रॉइंग शीट, एवढा ऐवज त्यात सापडतो. मागच्या सेमिस्टरला पीएल सुरू झाली आणि आम्ही तिघींनी ते कपाट आवरायला काढलं. (पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं करावंसं वाटतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.) तळाशी एक जुनी बॅट मिळाली. वरचं रबर दाणेदार, कडक झालेलं, एका कोपऱ्यात उखडलेलं. आत स्पंजचा पत्ता नाही. मुठीजवळ अर्धवट पुसलेलं नाव : बार्ना.

मला वाटलं, कंपनीचं नाव असेल, बाटासारखं. जिमखान्याच्या काकांनी माझी अक्कल काढली. बार्ना हा माणूस होता आणि एकेकाळी त्याच्या नावाची बॅट हातात असणं म्हणजे रुबाब होता, असं त्यांनी सांगितलं. (बाटा हेही माणसाचंच नाव, हे मला त्यानंतर कळलं!) मग मी लायब्ररीत आणि कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसून या माणसाची माहिती काढली. अभ्यासाचे दोन दिवस गेले, पण त्याबद्दल अजिबात वाईट वाटत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, तेव्हा चुका पोटात घालाव्यात ही विनंती.

व्हिक्टर बार्नाचा जन्म २४ ऑगस्ट १९११ चा, हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातला. घर ज्यू. खरं नाव ग्योझो ब्राउन. त्या काळात हंगेरीत ज्यू लोकांविरुद्धचं वातावरण तापत होतं, म्हणून त्यानं आडनाव बदलून बार्ना असं हंगेरियन नाव घेतलं. गंमत म्हणजे जर्मन ब्राउन आणि हंगेरियन बार्ना, दोन्हींचा अर्थ एकच, तपकिरी. नाव बदललं तरी अर्थ तोच राहिला. त्याच्या पुढच्या आयुष्यालाही हे बरंच लागू पडतं.

त्या वेळी टेबल टेनिसमध्ये हंगेरी म्हणजे आजचा चीन समजा. बार्ना वयाच्या सतराव्या वर्षी, १९२९ साली, जागतिक स्पर्धेत उतरला आणि सांघिक व दुहेरी अशी दोन विजेतेपदं घेऊनच बाहेर आला. दुहेरीतला त्याचा जोडीदार मिक्लोश सबादोश. हे दोघं एका बाजूला उभे राहिले की समोरच्यांची धडगत नसे. पण एकेरीत तेच एकमेकांसमोर यायचे. १९३१ मध्ये खुद्द बुडापेस्टमध्ये सबादोशनं बार्नाला फायनलमध्ये हरवलं. ते एक साल सोडलं तर १९३० ते १९३५ पर्यंत एकेरीचा जगज्जेता बार्नाच होता. पाच वेळा! त्याचा बॅकहँडचा फटका इतका गाजला की पुढे तो 'बार्ना फ्लिक' म्हणूनच ओळखला गेला. आपण बॅकहँड म्हटलं की बॉल कसाबसा परत ढकलतो. बार्ना मनगटाच्या एका झटक्यात त्याच बॅकहँडनं पॉइंट संपवायचा.

फेब्रुवारी १९३५ मध्ये लंडनला त्यानं एकेरीचं पाचवं विजेतेपद मिळवलं. वय वर्षं तेवीस. म्हणजे आमच्यातल्या एखाद्या एटीकेटीवाल्या फायनल इयरच्या सीनियरएवढं!

आणि त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला. उजवा हात मोडला. खेळायचा हात. हाड सांधायला आत प्लॅटिनमची पट्टी बसवावी लागली.

आपण मेकॅनिक्समध्ये शिकतो की जोड नीट बसला तर भार पेलतो. हात पेललाच. त्यानं बॅट धरता येत होती, बॉल मारता येत होता. पण भार पेलणं वेगळं आणि सेकंदाच्या अंशात मनगट फिरवणं वेगळं. तो परत खेळायला लागला, मोठमोठ्या खेळाडूंना हरवतही राहिला, पण एकेरीचं जगज्जेतेपद त्याला पुन्हा कधीही मिळालं नाही.

मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते. निवृत्त व्हायला याहून चांगलं कारण कुणाला मिळेल? पाच वेळा जगज्जेता, शेवटचा सामना जिंकलेला, वर अपघात. बार्ना तिथेच थांबला असता तर कुणीही नाव ठेवलं नसतं. उलट, अपघात झाला नसता तर काय काय केलं असतं, अशी हळहळ लोकांनी जन्मभर केली असती.

बार्ना थांबला नाही, पण हटूनही बसला नाही. जो हात उरला होता त्यात काय काय जमतं ते त्यानं करत नेलं. १९३८ मध्ये हंगेरीच्या विजेत्या संघात तो होता. पुढे मायदेश सोडून तो इंग्लंडकडून खेळायला लागला. १९३९ ची जागतिक स्पर्धा इजिप्तमध्ये कैरोला झाली. तिथे त्याचा दुहेरीतला जोडीदार होता रिचर्ड बर्गमन, एकोणीस वर्षांचा. बर्गमनही ज्यू, हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर इंग्लंडला आलेला. त्या स्पर्धेत एकेरी बर्गमननं जिंकली आणि दुहेरी दोघांनी मिळून. दुहेरीत जोडीदारांना एक सोडून एक फटका मारावा लागतो. त्यामुळे एकट्या हातावर सगळी मदार राहत नाही, अनुभव मात्र पुरेपूर कामाला येतो. ज्या पोराला आपली गादी मिळतेय त्याच्याच शेजारी उभं राहून जिंकायचं, हे बोलायला सोपं आहे. आमच्या कॉलेजच्या टीममध्ये कॅप्टनपद ज्युनियरकडे गेलं की सीनियर प्रॅक्टिसला यायचेच बंद होतात!

हे त्याचं बाविसावं आणि शेवटचं जागतिक सुवर्णपदक. एकेरी ५, दुहेरी ८, मिश्र दुहेरी २ आणि सांघिक ७.

मग महायुद्ध पेटलं आणि स्पर्धाच बंद पडल्या. बार्ना ब्रिटिश सैन्यात भरती झाला आणि पॅराशूटधारी सैनिक म्हणून युगोस्लाव्हियात नाझींविरुद्ध लढला. युद्ध संपलं तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. उमेदीची वर्षं काही अपघातानं खाल्ली, काही हिटलरनं.

पुढची गोष्ट आपल्या मुंबईची आहे, म्हणून जरा थांबून सांगते. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती. आशिया खंडातली ही पहिलीच. तिथे हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा एक जपानी खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोपर्यंत बॅट म्हणजे लाकूड आणि त्यावर दाणेदार रबर, आम्हाला कपाटात मिळाली तशीच. त्या बॅटवर बॉल टक्कन वाजतो आणि नुसत्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज येतो. स्पंजमध्ये बॉल रुततो आणि आवाज जवळजवळ येतच नाही. भलेभले गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. त्या आठवड्यात मुंबईत जुना खेळ संपला आणि नवा सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल. (पुढे १९५९ मध्ये स्पंज किती जाड असावा याचे नियम झाले.)

म्हणजे आता बार्नाचा हातही जुना राहिला नव्हता आणि खेळही जुना राहिला नव्हता. १९५४ मध्ये लंडनच्या वेम्बलीत जागतिक स्पर्धा झाली. एकेरी जिंकली जपानच्या इचिरो ओगिमुरानं, वय २१, बॅट स्पंजची. आणि त्याच स्पर्धेत पुरुष दुहेरीच्या फायनलला कोण उभं? बार्ना! वय ४२, हातात प्लॅटिनम, जोडीला फ्रान्सचा मिशेल अगेनॉवर. फायनल ते हरले, युगोस्लाव्हियाच्या जोडीकडून. रौप्यपदक मिळालं. पहिल्या पदकापासून या पदकापर्यंत पंचवीस वर्षं झाली होती. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या सुवर्णपदकांपेक्षा हे रौप्य भारी आहे.

खेळाडू म्हणून त्याचा मोठा डाव इथे आटोपला. पण टीटीशी फारकत झाली नाही. प्रदर्शनी सामने तर तो आधीपासूनच खेळत होता. ज्या गावात कुणी चांगला खेळ पाहिलेलाच नाही तिथे जाऊन लोकांना तो दाखवायचा. पुस्तकं लिहिली, पोरांना शिकवलं. डनलॉप कंपनीसाठी काम करत तो देशोदेशी फिरला आणि त्याच्या नावाच्या बॅट जगभर गेल्या. त्यातलीच एक कुठून कुठून फिरत आमच्या कपाटात येऊन पडली.

१९६७ साली जागतिक स्पर्धेतल्या माजी खेळाडूंसाठी स्वेथलिंग क्लब स्थापन झाला. त्यात बार्नाचा पुढाकार होता. खेळ सुटलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय हवं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? भेटायला चार माणसं, ज्यांना तुमचा बॅकहँड आठवतो.

फेब्रुवारी १९७२ मध्ये, टीटीच्याच कामासाठी दौऱ्यावर असताना, पेरू देशात लिमा इथे हृदयविकारानं त्याचं निधन झालं. वय साठ. तेविसाव्या वर्षी ज्याची कारकीर्द संपली असं म्हणता आलं असतं, तो माणूस पुढे सदतीस वर्षं त्याच खेळात राहिला.

आता थोडं स्वतःबद्दल. शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत खेळले आहे. बारावीत सीईटीसाठी बॅट माळ्यावर गेली आणि मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं की मी रिटायर झाले. इथे आल्यावर दोन वर्षं टीटी रूमच्या दारातूनही आत गेले नाही. कारण अभ्यास नव्हता. पूर्वी ज्यांना सहज हरवलं असतं त्यांच्याकडून हरायची लाज वाटत होती, एवढंच. बार्नाबद्दल वाचलं आणि स्वतःचंच हसू आलं. माझ्या हातात प्लॅटिनम नाही, मी महायुद्धातही गेले नाही. एक परीक्षा काय ती दिली!

पीएल संपल्यावर पहिली गेम एका फर्स्ट इयरच्या मुलीशी खेळले. ११-४ नं हरले. (बार्नाच्या काळी गेम २१ पॉइंटची असायची, म्हणजे माझी फजिती निम्म्यात आटोपली.) दुसरीही हरले. तिसऱ्या गेममध्ये मात्र एक बॅकहँड असा बसला की ती मुलगी बॅट खाली करून बघतच राहिली. मग म्हणाली, हे मला शिकवा ना ताई.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही सात-आठ जणी जमतो. मी शिकवते, आणि बहुतेक वेळा हरतेही. जुनी बॅट पुसून खिडकीत ठेवली आहे. ज्यांना यायचंय त्यांनी जरूर या. आणि रेक्टर मॅडम हे वाचत असतील तर त्यांना नम्र विनंती, आम्हाला एक नवीन नेट हवं आहे. सध्या आम्ही मधोमध थर्मोडायनॅमिक्सची पुस्तकं उभी करून काम भागवतोय.