भदंत नागसेन : ‘तोच’ की ‘दुसरा’?

आपल्या भागातली मुले कॉलेज शिकायला औरंगाबादेस जात, बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात. (१ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आपण औरंगाबाद जिल्ह्यातच होतो.) १९५० साली सुरू झालेल्या त्या कॉलेजला राजा मिलिंदाचे नाव आणि परिसराला नागसेनवन. पण हे नागसेन कोण, ते घरात फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांचे चरित्र देत आहोत, ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथाच्या आधाराने.

हिमालयाच्या पायथ्याशी कजंगल गावी सोणुत्तर ब्राह्मणाच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्या दारी भंते रोहण सात वर्षे दहा महिने भिक्षेला येत राहिले. पळीभर भात नाही की साधा नमस्कार नाही! एके दिवशी घरातून दोन बऱ्या शब्दांत पुढे जायला सांगितले, तर भंतेजी तेवढ्यावरही समाधानी. ते पाहून सोणुत्तराचे मन वळले. तीन वेद शिकूनही मुलाला त्यात सार दिसले नाही, तो रोहणांबरोबर निघाला. पुढे एकदा त्याने मनातल्या मनात गुरूला मूर्ख ठरवले. गुरूंनी ते ओळखले आणि मिलिंद राजाचे समाधान करशील तेव्हाच क्षमा, अशी अट घातली. पाटलिपुत्राच्या अशोकारामात भंते धम्मरक्खितांकडे शिकून नागसेन अर्हत झाले.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. राजधानी सागल, आजचे पाकिस्तानातील सियालकोट. भल्याभल्यांना त्याने वादात गप्प केले होते. दोन शब्द पुढे टाकायचे आणि एक निवडायला लावायचे, ही त्याची रीत. पुन्हा जन्मतो तो ‘तोच’ की ‘दुसरा’? ‘तोच’ म्हणावे तर आत्मा मानावा लागतो. ‘दुसरा’ म्हणावे तर एकाने करायचे आणि भलत्याने भरायचे.

नागसेनांनी दोन्ही नाकारले. तोच नाही, दुसराही नाही. संध्याकाळी लावलेला दिवा पहाटेपर्यंत जळतो. ज्योत तीच नसते, पण दिवा दुसराही नसतो. दूध म्हणजे दही नव्हे, पण दुधाशिवाय दही लागत नाही. आणि आंबा चोरणारा म्हणू लागला की मालकाने पुरला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा, तर तो सुटेल काय? एकातून दुसरा आला, म्हणून जबाबदारी राहते. आत्मा नसला तरी राहते.

इथवर आम्ही नागसेनांबरोबर आहोत. परंतु माणसांत गरीब-श्रीमंत, उच्च कुळ-नीच कुळ का, असे राजाने विचारले तेव्हा त्यांनी कर्माकडे बोट दाखवले. जसे बी तसे झाड. हे उत्तर आम्हांस पटत नाही. पाणवठ्यावर आपल्या आजा-पणजांना हेच तर ऐकवले गेले! ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली इंग्रजीत निघालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रास्ताविकातच हा पेच मांडला: आत्मा नाही, मग कर्म आणि पुनर्जन्म कसे? आणि माणसाची गरिबी मागल्या जन्मीच्या पापावर ढकलणारी शिकवण बुद्धाची असूच शकत नाही, असा निर्णय दिला. यंदाच्या वर्षावासात हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचायचे, असे आम्ही सुचवतो.