रंगांध विद्यार्थी ते लोखंडी नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वर्गातली विद्या शेतात कशी नेली?

मानोरा : एप्रिल-मे महिन्यात मानोरा तालुक्यातल्या कोणत्याही शिवारात ट्रॅक्टरमागे पलटी नांगर चालताना दिसतो. एकराला भाडे किती आणि डिझेलचे काय, एवढाच हिशेब तेव्हा शेतकऱ्याच्या डोक्यात असतो. नांगराच्या वळवलेल्या पत्र्याकडे सहसा कोणी पाहत नाही. खालची माती उचलायची, कुशीवर घ्यायची आणि उलटी टाकायची, हे सगळे काम त्या पत्र्याचा वाक करतो. असा नांगर देशी कारखान्यात ओतून मराठी मुलखाच्या बाजारात आणणारा माणूस शेतकरी नव्हता, लोहारही नव्हता. तो मुंबईच्या एका तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवणारा मास्तर होता. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

कॉलेजातले संशोधन, वस्तूची रचना आणि धंदा यांची सांगड घालण्यासाठी आज विद्यापीठांत इनक्युबेशन सेंटर असतात. स्टार्टअपच्या स्पर्धा भरतात, त्यांना अनुदानही मिळते. लक्ष्मणरावांच्या काळात यातले काहीच नव्हते. तरीही ही सांगड त्यांनी घातली. मात्र त्यासाठी त्यांना आधी कॉलेज सोडावे लागले.

चित्रकार व्हायचे होते, पण...

२० जून १८६९ रोजी तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी लक्ष्मणरावांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मात्र शाळेच्या पुस्तकात मन लागेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढायची आणि यंत्रे उघडून पाहायची. घरात विरोध असूनही थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी तिथे एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंग ओळखता येत नव्हते. चित्रकाराच्या वाटेवर याहून मोठा धोंडा कोणता? रंगकाम सुटले. पण ज्या कामात रंगच लागत नाही, त्यात हात अगदी पक्का होता. यांत्रिक रेखाचित्रात काळी रेघ, मापे आणि डोळ्यांपुढे वस्तू फिरवून पाहण्याची नजर एवढेच लागते. लक्ष्मणरावांनी तेच शिकून घेतले आणि मुंबईत नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक झाले. रिकाम्या वेळात ते यंत्रशाळेत रमत. यंत्रे खोलायची, दुरुस्त करायची, परदेशी तांत्रिक पुस्तके वाचायची. इंजिनीअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि पुढेही कधी नव्हती.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकल दिसली. त्या दिवसांत ती मोठी नवलाई होती. दोघा भावांनी धंदा जमवला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि रामुअण्णा तिथे विकत. किंमत सातशे ते हजार रुपये, आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. ज्याला ती चालवता येत नाही, त्याच्या घरी ती पडून राहते. म्हणून वस्तूबरोबर ती वापरण्याची विद्याही विकली पाहिजे, हा धडा नांगराच्या वेळी उपयोगी पडला. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ या वर्षापासून मोजतो, ती या सायकलींपासून.

१८९७ च्या सुमारास संस्थेत बढतीची वेळ आली. लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. कातडीचा रंग पाहून झालेला हा निर्णय होता. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. सायकल दुकानाच्या त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

नांगरात नवीन काय होते?

दुकानाशेजारी त्यांनी छोटी कार्यशाळा थाटली. पहिली वस्तू काढली ती कडबा कापण्याचे यंत्र. त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी आधी जुना लाकडी नांगर समजून घ्यावा लागेल. लाकडी नांगर माती उकरतो आणि दोन्ही बाजूंना सारतो. तास वर रुंद आणि तळाशी निमुळते पडते, त्यामुळे दोन तासांच्या मध्ये खाली न नांगरलेली पट्टी राहून जाते. हरळी, कुंदा, लव्हाळा यांच्या मुळ्या तिथेच सुखरूप असतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा डोके वर काढतात. लोखंडी नांगराचा फाळ माती तळातून सपाट कापतो. मागचा वाकडा पत्रा ती उचलून उलटी करतो. मुळ्या उन्हात उघड्या पडतात, तणाचा पाला मातीखाली जातो.

सगळी मेख त्या वाकात असते. वाक कमी झाला तर माती उलटत नाही. जास्त झाला तर ओढ वाढते आणि बैल दमतात. चिकट जमिनीत माती पत्र्याला धरून बसते. असा पिळदार पृष्ठभाग सपाट कागदावर काढायचा, त्यावरून लाकडी साचा करायचा, साच्यावरून वाळूत ओतायचा आणि शंभरावा नांगरही पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. हे काम हातोडीच्या अंदाजाने होत नाही. त्याला यांत्रिक रेखाचित्र लागते. लक्ष्मणराव वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर जे शिकवत होते, नेमके तेच इथे कामाला आले.

परदेशी नांगर त्यापूर्वीही भारतात येत होते. पण ते महाग, आणि एखादा भाग मोडला तर तो आणायचा कुठून?

शेतकऱ्यांनी नांगर का घेतला नाही?

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक येईना. पहिले नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षे गेली. लोखंडाने जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज होता. लक्ष्मणरावांच्या बहुतेक चरित्रकथांत हा प्रसंग अडाणीपणाचा नमुना म्हणून येतो आणि तिथेच संपतो.

हे शेतकऱ्यावर थोडे अन्यायाचे आहे. त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर नकाराला भक्कम कारणे सापडतात. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, फाळ लोहार शेवटायचा आणि मोबदला सुगीला धान्यात द्यायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे लागत. ओतीव लोखंड ठिसूळ असते. ते तापवून ठोकायला गेले तर तडकते, म्हणजे गावच्या लोहाराच्या हातातले कामच गेले. शिवाय खोल जाणारा नांगर एका बैलजोडीला झेपत नाही, दोन-तीन जोड्या लागतात. वऱ्हाडातल्या काळ्या कसदार जमिनीत तर रोजचा भर नांगरापेक्षा वखरावर असे. नांगरट दरवर्षी होतच नसे, तण फारच माजले तरच नांगर निघे. मानोऱ्याच्या जुन्या शेतकऱ्यांना वखर, तिफण आणि डवरा यांवर चालणारी शेती आजही आठवते. एवढे सगळे बदलायला सांगणाऱ्या वस्तूला शेतकरी विष म्हणाला, यात अडाणीपणापेक्षा सावधपणा अधिक असावा.

मग लक्ष्मणरावांपुढे मार्ग एकच होता. वस्तू सुधारत राहायची आणि शेतात चालवून दाखवायची. झिजणारे भाग बदलता येतील असे करायचे आणि ते गिऱ्हाइकाला मिळत राहतील याची हमी द्यायची. सगळे भाग एकाच मापाचे असतील तरच नवा फाळ जुन्या नांगराला बसणार, आणि तसे माप पाळायला कारखाना हवा. नांगर हळूहळू खपू लागला. ज्याच्या शेतातली हरळी गेली, त्याचा शेजारी चौकशीला येऊ लागला.

कारखान्याला जागा मिळेना

धंदा जरा सावरतो तोच बेळगाव नगरपालिकेने कार्यशाळेची जागा सोडण्याची नोटीस दिली. तिथे नवी वस्ती वसवायची होती. यंत्रे उचलून जायचे कुठे?

अशा वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. लक्ष्मणराव तेव्हा औंधला एका बांधकामाच्या कामात होते. बाळासाहेब स्वतः चांगले चित्रकार होते. चित्रकला सोडावी लागलेला कारखानदार आणि गादीवर बसूनही कुंचला न सोडलेला राजा, अशी ही जोडी जमली. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. पाण्याची टंचाई, पावलोपावली साप. १० मार्च १९१० रोजी मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. रानात आधी राहण्याची सोय केली, मग ओतशाळा उभी राहिली. घर सांभाळणाऱ्या राधाबाईंवर वस्तीतल्या आल्यागेल्याचाही भार पडला. या वस्तीत शिवाशिव पाळायची नाही, असा दंडक होता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले, काहींना तर रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले. हीच किर्लोस्करवाडी. ती आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते.

युद्धाने काय बदलले?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी मालाची आवक आटली. विलायती नांगर येईनासे झाल्यावर देशी नांगराला मागणी वाढली, पण तो ज्यापासून बनायचा ते लोखंडही मिळेना. भट्टीसाठी दगडी कोळसा नाही, नांगराला लावायला रंग नाही. मग लाकडी कोळसा वापरून पाहिला गेला, रंग वाडीतच बनू लागला, मोडीचे लोखंड गोळा झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. किल्ल्यावरच्या तोफेचे लोखंड अशा रीतीने कोणाच्या तरी शेतात पोचले.

आजच्या भाषेत हे सगळे संशोधन आणि विकासाचे काम होते. फरक इतकाच की प्रयोग फसला तर त्या महिन्याचे पगार अडकायचे.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणे हा त्याचा मूळ उद्देश. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना वाचायला मिळावे, हा या कथेतला सर्वांत अनपेक्षित भाग म्हणता येईल.

नांगराचे वर्ष १९०३. त्याच वर्षी जन्मलेला मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनीअरिंग शिकून १९२६ मध्ये वाडीत परतला. मुंबईतल्या कॉलेजात बढती नाकारलेल्या मास्तरचा मुलगा जगातल्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेची पदवी घेऊन आला आणि कामाला लागला तो बापाच्याच ओतशाळेत. कारखान्यात नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पुढे हरिहर, बंगळुरू आणि पुण्यात कारखाने उभे राहिले. त्यांचा व्याप शंतनुरावांच्या पिढीने वाढवला.

मानोऱ्याच्या शिवारात हे कुठे दिसते?

बैलाचा लोखंडी नांगर आता तालुक्यात क्वचितच चालतो, बराचसा गोठ्याच्या भिंतीला टेकलेला असतो. विहिरीवरच्या पंपावर मात्र किर्लोस्कर हे नाव ठळक वाचता येते.

लक्ष्मणरावांच्या वाटेचे दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल विदर्भातल्या अनेक गावांत पोचली आहे. तूर बाजारात नेऊन विकण्याऐवजी गावातच डाळ करून विकण्याचा धंदा बचत गट आणि तरुणांनी तिच्यावर उभा केला. कुठे ती जोरात चालते, कुठे वर्षातले काही महिनेच, तर कुठे बंद पडली आहे. दुरुस्ती कोण करणार, सुटा भाग कुठे मिळणार आणि तयार डाळ कोण घेणार, हे प्रश्न तिच्यापुढेही आहेत. लोखंडी नांगर दोन वर्षे पडून राहिला, तेव्हा बेळगावच्या दुकानातही जवळजवळ हेच प्रश्न होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, म्हणजे २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या नावाने तिकीट काढले. योगायोग असा की अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेही त्याच वर्षी, चार महिन्यांनी. आणि पुणे-मिरज मार्गावरच्या त्या कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे.