कर्नल हेमू अधिकारी : गुरू एक, निकाल दोन

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ लोअर हट हे शहर आहे. तेथे आमची भाची राहते. तिच्याकडे गेलो असता एका संध्याकाळी तिच्या मुलाचा बास्केटबॉलचा सामना पाहिला. संघ हरला आणि कडेला बसलेले पालक प्रशिक्षकाला बोल लावू लागले. आदल्या आठवड्यात संघ जिंकला, तेव्हा त्यांनीच त्याचे गोडवे गायले होते म्हणे! अशा वेळी आम्हांला लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांची आठवण होते.

अधिकारींचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. गुजरात, बडोदा आणि सेनादल या संघांकडून ते खेळले. महायुद्ध व लष्करी नोकरी यांमुळे त्यांचे कसोटी पदार्पण १९४७ सालापर्यंत लांबले. एकंदर २१ कसोटी सामन्यांत त्यांनी ८७२ धावा काढल्या. १९५२ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी आणि गुलाम अहमद यांनी शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला. क्षेत्ररक्षणात तर त्यांच्या तोडीचे त्या काळी थोडेच होते.

१९५८-५९ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत पाच सामन्यांत भारताचे चार कर्णधार झाले. ओळीने तीन सामने हरलेला संघ अखेर दिल्लीत अधिकारींच्या हाती आला. त्यांनी स्वतः ६३ आणि ४० धावा काढल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला. तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. त्यानंतर त्यांनी तरुण खेळाडू घडविण्याचे काम हाती घेतले. सुनील गावसकर, कपिल देव, किरमाणी, रवी शास्त्री यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले.

लोअर हटहून फार दूर नसलेल्या वेलिंग्टनच्या बेसिन रिझर्व्ह मैदानावर १९६८ साली अजित वाडेकरांनी १४३ धावा काढल्या होत्या. हेच वाडेकर १९७१ साली कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले, तेव्हा अधिकारी संघाचे व्यवस्थापक होते. शिस्त, व्यायाम आणि झेलांचा सराव यांवर त्यांचा कटाक्ष असे. २४ ऑगस्टला ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळविला आणि मालिकाही जिंकली. चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा बळी घेतले, पण सोलकर आणि वेंकटराघवन यांनी फलंदाजाच्या जवळ उभे राहून झेल टिपले नसते, तर ती फिरकी वाया गेली असती.

तीन वर्षांनी, १९७४ साली, तेच व्यवस्थापक आणि तेच कर्णधार पुन्हा इंग्लंडला गेले. या वेळी भारत तिन्ही सामने हरला. लॉर्ड्सवर तर सारा संघ १७ षटकांत ४२ धावांत बाद झाला. थंड, ओलसर हवेत चेंडू फिरत होता, आणि संघात एकोपाही उरला नव्हता. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला उभारलेल्या भव्य बॅटीला लोकांनी काळे फासले.

वाचकहो, तीन वर्षांत अधिकारींची विद्या आटली होती काय? मुळीच नाही. प्रशिक्षक झेल शिकवू शकतो, अंगी मेहनतीची सवय लावू शकतो; पण हवा बदलणे त्याच्या हाती नसते आणि बॅट धरायला तो आत जाऊ शकत नाही. बास्केटबॉलमध्ये तो सामना चालू असता खेळाडू बदलतो, मध्येच खेळ थांबवून डाव समजावून सांगतो. तेथे त्याचा वाटा मोठा. तरीही चेंडू जाळीत टाकायचा तो मुलांनीच.

अधिकारी २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत निवर्तले. आम्ही शिक्षकही परीक्षेच्या निकालानंतर असेच डोक्यावर घेतले जातो आणि तसेच खाली आपटले जातो. म्हणून आपल्या बेटावरील पालकांना एवढेच विनवितो की, संघ जिंकला तर गुरूला निम्मे श्रेय द्या आणि हरला तर निम्माच दोष द्या. उरलेला निम्मा मुलांचा आहे, आणि त्यातूनच ती शिकतात.