विश्लेषण : ‘राजा हरिश्चंद्र’च्या वर्षभर आधी ‘श्री पुंडलिक’! मग दादासाहेब तोरणे ‘पहिले’ का नाहीत?

नवा चित्रपट येणार म्हटले की तिकिटासाठी मोबाइलवर झुंबड, पहिल्या दिवसाचा पहिला खेळ आणि बाहेर पडताच मित्रांना ‘कसा आहे’ हे कळवण्याची घाई. दर वर्षी गोव्यात इफ्फी भरला की कोकणातले चित्रपटवेडेही पणजीची वाट धरतात. हे वेड आजचे नाही. मुंबईत १९१२च्या मे महिन्यात एका देशी चित्रपटासाठी अशीच गर्दी झाली होती. तो चित्रपट करणारा तरुण तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला होता. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे हे त्याचे नाव. इतिहासाच्या पुस्तकात मात्र ‘पहिला’ हा मान त्याच्याकडे गेला नाही. असे का झाले?

कोण होते तोरणे?

दादासाहेबांचा जन्म १३ एप्रिल १८९० रोजी मालवणजवळच्या सुकळवाड गावात झाला. मालवण आज सिंधुदुर्गात असले, तरी हा जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याआधी तो सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. वडील लहानपणीच गेले आणि घरचा आधार तुटला. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले. कोकणातल्या हजारो मुलांप्रमाणे तोरणेही लहान वयातच पोटासाठी मुंबईला आले. तिथे विजेची कामे करणाऱ्या एका कंपनीत त्यांना नोकरी मिळाली. यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि पुन्हा जोडायचे, हे शिक्षण त्यांनी या नोकरीत घेतले. पुढे चित्रपटात तेच कामी आले.

प्रेक्षकाचा निर्माता कसा झाला?

मुंबईत १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. त्यानंतर विदेशी चित्रपटांचे खेळ होऊ लागले. तोरणे हे खेळ आवडीने पाहत. दुसरीकडे नाटक मंडळींशी त्यांची ओळख वाढत होती. पडद्यावरची माणसे परकी, कथाही परकी. मग आपल्या गोष्टी पडद्यावर का नकोत, हा प्रश्न त्यांना पडला.

नानासाहेब चित्रे यांची साथ मिळाली. कॅमेरा आणि फिल्म यांची जुळवाजुळव झाली. श्रीपाद संगीत मंडळीचे ‘श्री पुंडलिक’ हे नाटक निवडले गेले आणि मुंबईतल्या मंगळदास वाडीत चित्रीकरण झाले. कॅमेरा चालवणारा जॉन्सन हा इंग्रज होता. आधी कॅमेरा एका जागी ठेवून सलग नाटक टिपले गेले. ते तोरणे यांना रुचले नाही, म्हणून वेगवेगळे भाग चित्रित करून नंतर ते जोडण्यात आले, असे सांगितले जाते. तोरणे यांचे वय तेव्हा जेमतेम २२ होते.

प्रेक्षकांनी काय केले?

गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये १८ मे १९१२ रोजी ‘श्री पुंडलिक’ लागला. लांबी सुमारे २२ मिनिटे होती. अर्थातच तो मूकपट होता. आई-वडिलांच्या सेवेत रमलेला आणि विठ्ठलाला विटेवर उभा करणारा पुंडलिक घराघरांत माहीत असल्याने आवाजाची अडचण आली नाही. चित्रपट दोन आठवडे चालला.

मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात २५ मे रोजी आलेली त्याची जाहिरात मजेशीर आहे. शहरातल्या जवळपास निम्म्या हिंदू लोकांनी आठवडाभरात हा चित्रपट पाहिला असून उरलेल्यांनीही पाहावा, असा तिचा सूर होता. दावा फुगवलेला होता, हे उघड आहे. पण आजच्या ‘हाऊसफुल्ल’च्या पोस्टर्सची सुरुवात इथे दिसते. शिवाय हा चित्रपट कधी आणि कुठे लागला, याचा छापील पुरावा म्हणूनही ही जाहिरात मोलाची आहे.

‘पहिला’ हा मान का मिळाला नाही?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपटगृह तेच, कॉरोनेशन. म्हणजे तोरणे साडेअकरा महिने पुढे होते. तरीही तीन आक्षेप घेतले जातात.

एक, ‘श्री पुंडलिक’ म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण. दोन, कॅमेरामन परदेशी. तीन, फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली. फाळके यांनी लेखन, दिग्दर्शन आणि फिल्मवरची प्रक्रिया ही सारी कामे इथेच उभी केली. त्यांचा चित्रपट सुमारे ४० मिनिटांचा होता आणि त्यानंतर ते सातत्याने चित्रपट करत राहिले.

तोरणे यांच्या बाजूनेही बोलता येते. फाळके यांनीही यंत्रे आणि तंत्र लंडनहूनच आणले होते. कॅमेरामन परदेशी असल्याने चित्रपट परका ठरत नाही. चित्रीकरणाचे तुकडे जोडले गेले असतील, तर ते केवळ नाटकाचे चित्रण उरत नाही. पण हे तपासायचे कसे? ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग तरी पाहायला मिळतात, ‘श्री पुंडलिक’ची प्रत मात्र उपलब्ध नाही. खरी अडचण इथेच आहे.

नंतर ते कुठे गेले?

नोकरीमुळे तोरणे यांची कराचीला बदली झाली आणि चित्रपटनिर्मिती थांबली. तिथे त्यांना बाबूराव पै भेटले. पुढे दोघांनी मिळून ‘फेमस पिक्चर्स’ ही वितरण संस्था काढली. चित्रपट काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो गावोगावच्या पडद्यापर्यंत पोहोचवणेही, हे तोरणे यांनी ओळखले होते. ‘मूव्ही कॅमेरा कंपनी’मार्फत त्यांनी परदेशी यंत्रसामग्रीही आणली. ‘आलम आरा’ने १४ मार्च १९३१ रोजी बोलपटाचे युग सुरू केले, तेव्हा प्रत्येक निर्मात्याला ध्वनिमुद्रणाची यंत्रे हवी होती. ती मिळवून देणाऱ्यांत तोरणे होते.

रौप्यमहोत्सव कसा घडला?

पुण्यात तोरणे यांनी ‘सरस्वती सिनेटोन’ उभारले. या संस्थेचा ‘श्यामसुंदर’ १९३२ मध्ये आला. दिग्दर्शक होते भालजी पेंढारकर. पार्श्वगायन तेव्हा रुळलेले नव्हते आणि कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. म्हणून गाणारी मुले निवडली गेली. शाहू मोडक आणि शांता आपटे या दोघांचा हा पहिलाच चित्रपट, आणि दोघेही तेव्हा विशीच्या आतले. मुंबईच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात तो २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. हा मान कोणत्याही समितीने दिला नव्हता. पुन्हा पुन्हा तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांनी तो दिला होता.

अखेर कशी झाली?

‘औट घटकेचा राजा’, ‘भक्त प्रल्हाद’, ‘छत्रपती संभाजी’ असे चित्रपट सरस्वतीमधून आले. पण १९४७च्या सुमारास धंद्यात मोठा फटका बसला, प्रकृती ढासळली आणि स्टुडिओ विकावा लागला. पुण्यातच १९ जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

मग आज काय बाकी आहे?

भारतीय चित्रपटाची शताब्दी २०१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’पासून मोजली गेली, तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. सर्वोच्च चित्रपट पुरस्कार फाळके यांच्या नावाचा आहे, आणि पूर्ण लांबीचा पहिला कथापट त्यांचाच, यात शंका नाही. तोरणे यांची नोंद करण्यासाठी फाळके यांना खाली ओढायची गरज नाही. एकाने इथे चित्रपटनिर्मिती उभी केली. दुसऱ्याने त्याआधी एक प्रयत्न केला आणि मग यंत्रे, वितरण, स्टुडिओ अशी प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याची साखळी जोडली. ‘श्री पुंडलिक’ची प्रत कुठे सापडली, तर ‘पहिला कोण’ यावर नव्याने बोलता येईल. तोवर चौथीपर्यंत शिकलेल्या कोकणातल्या या मुलाचे नाव निदान त्याच्या मूळ जिल्ह्यातल्या चित्रपटवेड्यांना तरी ठाऊक असायला हवे.