ताऱ्यांचा हिशोबनीस

गेल्या पावसाळ्यात माझी डावी पोटरी सुजली. सौ.ने तेलाची वाटी आणली, पण गारगोटीतल्या आमच्या डॉक्टरांनी चोळायला साफ मनाई केली. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाते आणि जिवावर बेतते. पूर्वी पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का ते पाहत. त्यावर भरवसा ठेवता येत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी, म्हणजे गुठळी विरघळताना सुटणाऱ्या तुकड्यांची मोजदाद. संशय कमी असून ती नॉर्मल आली तर सुटलो. वाढलेली आली तर मात्र नक्की काही कळत नाही. वयाने, जंतुसंसर्गानेही ती वाढते. माझी वाढलेली आली. कोल्हापूरला जाऊन डॉप्लर करून या, असे ते म्हणाले.

डॉप्लर हे कंपनीचे नाव असावे, असा माझा समज! तो निघाला माणूस. ख्रिस्तियान डॉप्लर, जन्म १८०३, साल्झबर्ग. घराणे पाथरवटाचे; पण पोराची प्रकृती तोळामासा, छिन्नी-हातोडा झेपेना, म्हणून त्याला शिकवले. शिकूनही नोकरी मिळेना. मग सूतगिरणीत दीडेक वर्ष हिशोब लिहिले. (माझा जन्म खतावण्यांत गेला, हे वाचून तो मला एकदम घरचा वाटला.) कंटाळून तो अमेरिकेला निघाला होता, तेवढ्यात १८३५ साली प्रागमध्ये शिक्षकाची जागा मिळाली.

तिथेच १८४२ मध्ये मूठभर श्रोत्यांपुढे त्याने आपला निबंध वाचला. शिट्टी वाजवत येणाऱ्या आगगाडीचा सूर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता लागतो, ते आपण ऐकतोच. त्याचे म्हणणे, प्रकाशाचेही तसेच. जोडताऱ्यांचे रंग त्यामुळेच वेगळे दिसतात. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलटने रेल्वेवर कर्णेवाले बसवून आवाजाचा नियम खरा ठरवला. ताऱ्यांच्या रंगांचे मात्र चुकले. ते रंग मुख्यतः त्यांच्या तापमानाचे. नियम बरोबर, उदाहरण चूक! हिशोबनिसाची अशी चूक कुणी माफ केली असती का?

पुढे १८५० साली व्हिएन्नातल्या नव्या भौतिकशास्त्र संस्थेचा तो पहिला संचालक झाला. पण छातीचे दुखणे बळावले. हवापालटासाठी व्हेनिसला गेला आणि तिथेच १८५३ च्या मार्चमध्ये वारला. वय ४९, मागे पत्नी आणि पाच मुले. शतकभराने जपानमध्ये सातोमुरांनी तोच नियम ध्वनिलहरींसह हृदयावर आणि रक्तप्रवाहावर लावला. त्याआधी पावलाच्या शिरेत औषध टोचून एक्स-रे काढत. ते काम दुखरे.

कोल्हापुरात अंधाऱ्या खोलीत मला झोपवले. गार जेल लावून बाई मांडीपासून खाली यंत्राचा दांडा दाबत आल्या. निरोगी शीर दाबली की चपटी होते. गुठळीची होत नाही. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या लहरींचा सूर बदलतो, त्याचे पडद्यावर रंग होतात. सहसा यंत्राकडे येणारे रक्त तांबडे, दूर जाणारे निळे. डॉप्लरने ताऱ्यांचे सांगितले होते त्याच्या नेमके उलट. मांडीच्या शिरा सरळ चपट्या होत गेल्या. मी निर्धास्त होत होतो.

गुडघ्यामागची शीर दाबूनही गोलच राहिली. तिथे रंग आला नाही. बाईंनी दोनदा पाहिले आणि डॉक्टरांना बोलावले. त्याच संध्याकाळी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, निदान तीन महिन्यांसाठी. तेलाची वाटी सौ.ने परत फडताळात ठेवली.